टिपणीसकाकांची पांढरी बोट

टिपणीसकाका पाहुण्यांच्या पायांवर पाणी ओतायचे. धरणाच्या काठाला बोट लागलेली असे आणि तिच्यात पाऊल टाकण्याआधी प्रत्येकाने एका सपाट खडकावर उभं राहायचं असे. काका तांब्याने पाणी ओतत, खांद्यावरचा पंचा पुढे करत आणि मग हात धरून आत घेत. माझ्या ऑफिसमधल्या एक बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांना अगदी भरून आलं. "अहो, तुम्ही वडिलांच्या वयाचे, आणि पाहुण्यांना इतकं देव मानता!" काकांनी त्यांच्या टाचेकडे पाहिलं. "देव वगैरे काही नाही. तिथे चिखल राहिलाय. तेवढा काढा."

धरणाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुण्यात ज्यांच्या नळाला पाणी येतं, त्यांनी आपापलं ओळखावं.

काका मालवाहू जहाजांवर चीफ इंजिनियर होते. निवृत्त होऊन कोथरूडला आमच्या सोसायटीत राहायला आले, तेव्हा सगळे त्यांना कॅप्टन म्हणू लागले. त्याचा त्यांना राग यायचा. "कॅप्टन वर उभा राहून फोटो काढून घेतो. मी खाली तेलात होतो." समुद्र सुटला तरी पाणी सुटलं नाही, म्हणून त्यांनी एक पांढरी फायबरची बोट घेतली होती. आठ-दहा माणसं बसतील एवढी, वर कापडी छत, मागे लहानसं इंजिन. दिवाळीनंतर पाणी निवळलं की उन्हाळा सुरू होईपर्यंत दर रविवारी ती निघायची आणि तिच्यात कुणी ना कुणी पाहुणे असायचेच.

मी पाहुणी नव्हते. घटस्फोटानंतर आईला घेऊन मी या सोसायटीत आले, तेव्हा लोक लिफ्टमध्ये माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत आणि बाहेर पडल्यावर बाकीच्या. एका शनिवारी काकांनी मला जिन्यात गाठलं. "मेधा, रविवारी काय करतेस?"

"काही नाही."

"मग तेच बोटीवर येऊन कर. फडकी मी देतो."

त्या रविवारी मी दिवसभर बोट पुसली आणि कित्येक महिन्यांनी रात्री शांत झोपले. पुढची पाच-सहा वर्षं माझा रविवार त्यांचा होता. वडील गेल्यानंतर माझ्यावर हक्काने ओरडणारं माणूस उरलं नव्हतं, ते मला मिळालं.

बोट पुसायचं त्यांचं एक शास्त्र होतं. पुढून मागे पुसत यायचं, म्हणजे घाण आपल्या पायाखाली येत नाही. साबण वापरायचा नाही, लिंबू आणि व्हिनेगर वापरायचं. तळाशी साचलेलं पाणी स्पंजने टिपायचं आणि बादलीत पिळायचं. पाहुण्यांच्या डोक्याच्या तेलाचे डाग पडू नयेत म्हणून पाठीला टेकायच्या जागी जुन्या सुती साड्यांचे तुकडे असत. खाण्याबद्दल तर फारच कडक. भेळ बंद, चिवडा बंद, शेंगा बंद, हळदीचं काहीही बंद. "बोटीवर खायचं ते एका घासाचं. जे दोन घासांत खावं लागतं, त्याचा दुसरा घास माझ्या बोटीवर पडतो." म्हणून पाहुणे छोट्या इडल्या, सुपारीएवढे लाडू, बिनबियांची द्राक्षं असलं काहीतरी घेऊन येत. आमच्या सोसायटीत त्याला 'टिपणीस फराळ' असंच नाव पडलं होतं.

एकदा काकांच्या ओळखीचे एक बांधकामवाले गृहस्थ आले होते. बोट मध्यावर असताना त्यांनी सिगरेट ओढली आणि थोटूक पाण्यात भिरकावलं. काकांनी इंजिन हळू केलं, बोट वळवली आणि एक मोठा गोल घेऊन त्याच जागी आणली. मासे पकडायची जाळी घालून थोटूक काढलं, आपल्या रुमालात टिपलं आणि त्या गृहस्थांच्या शर्टाच्या खिशात ठेवलं. "तुमची वस्तू पडली होती." परत येईपर्यंत ते गृहस्थ आपल्या खिशाकडेच बघत बसले. मी मात्र मनातून नाचत होते. ही गोष्ट मी पुढे किती जणांना सांगितली याला गणती नाही.

पलीकडच्या काठाला पाणी थोडं आत वळलं होतं. तिथे जांभळाखाली दुपारचं जेवण व्हायचं. तिथे मसालेभात, भजी, कोल्ड्रिंकच्या बाटल्या, सगळं चाले. वर हौसाबाईंची वस्ती होती. साठीच्या, एकट्या. आम्ही आलेलो दिसलो की त्या ताकाची कासंडी घेऊन उतरायच्या. एकदा त्या काठावर पावडरीने धुणं धुवत होत्या. काकांनी हात जोडले. "हौसाबाई, हे पाणी पुण्यात लहान मुलं पितात हो." त्या बिचाऱ्या एवढ्याशा झाल्या. त्या दिवसापासून डोक्यावरून हंडे वर नेऊन घराशी धुणं धुवू लागल्या. "काका बोलले त्ये खरंच हाय," असं मलाच सांगायच्या.

जेवणं झाली की काका सगळ्यांना उठवायचे. "जा, टेकडीवरच्या देवीला जाऊन या. आवरणं माझ्याकडे." मी मदतीला थांबू लागले तर मलाही हाकलत. "पाहुण्यांबरोबर कुणीतरी घरचं हवं." आम्ही परत येईपर्यंत जांभळाखाली एक कागदाचा कपटाही नसायचा. बोटसुद्धा झाडलेली असायची. पाहुणे थक्क व्हायचे. कचरा कुठे गेला, हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. त्यांच्या गाडीच्या डिकीतून तो कोथरूडला येतो, हे मी धरूनच चालले होते.

आईची पंच्याहत्तरी आम्ही तिथेच केली. मी हौसेने तिच्या फोटोचा फ्लेक्स करून घेतला होता. काकांनी तो पाहिला आणि भुवया उंचावल्या. "नगरसेवकाचा वाढदिवस आहे का?" पण मग स्वतःच जांभळाच्या फांदीला बांधून दिला. आईला त्यांनी जवळजवळ उचलून बोटीत घेतलं होतं. पाण्यावर ती नुसती हसत होती. तिला इतकं हसताना मी फार वर्षांनी पाहिलं. संध्याकाळी मी फ्लेक्स मागितला तर काका म्हणाले, "त्याच्यावर भाजी सांडली होती. टाकला मी." मला थोडं वाईट वाटलं, पण मी विषय सोडून दिला. त्यानंतर वर्षभरात आई गेली.

गेल्याच्या आदल्या वर्षी पाऊस कमी झाला. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात धरण कधी नव्हे इतकं खाली गेलं. बोट फेब्रुवारीतच काठावर ओढून ठेवली होती आणि गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे काका घरीच होते. मे महिन्यात एका सकाळी हौसाबाईंचा फोन आला.

"ताई, पायात काच घुसलीया. लई सुजलाय. काकांचा फोन लागंना."

मी औषधं घेतली आणि गाडी काढली. धरणाला वळसा घालून त्यांच्या वस्तीवर पोचले, तर त्या ओसरीत पाय वर ठेवून बसलेल्या. पाय मडक्यासारखा झाला होता. पाणी मागे सरकलं की उघड्या पडलेल्या गाळात त्या काकडी लावायच्या. त्या वर्षी पाणी फार मागे गेलं, तशा त्याही फार पुढे गेल्या होत्या.

"चला दवाखान्यात," मी म्हटलं.

"जाऊ की. पर आधी खाली जाऊन बगा, आन् मोबाइलात फोटू काढा. पुण्याची लोकं येत्यात आन् टाकून जात्यात. काकांना दाखवा. त्ये करतील बंदोबस्त."

मी खाली उतरले. जांभळापासून बरंच पुढे, जिथे एरवी दोन पुरुष खोल पाणी असतं, तिथे गाळात सिमेंटची जुनी, कचऱ्याने भरलेली पोती रुतलेली होती. एक नव्हे, दोन नव्हे, जिकडे पाहावं तिकडे. काही फुटली होती. काचेच्या बाटल्या, थर्मोकोलच्या ताटल्या, चमचे, द्राक्षांचे प्लॅस्टिकचे डबे. प्रत्येक पोत्यात एक एक दगड होता. तोंडं बोटीवर असते तसल्याच नारिंगी दोरीने बांधली होती आणि ती गाठ मला ओळखीची होती, कारण ती काकांनीच मला शिकवली होती. माझ्या गॅलरीतली कपड्यांची दोरी मी त्याच गाठीने बांधते.

तरीही मी स्वतःला समजावत होते. दोरी कुणाकडेही असते. गाठ कुणालाही येते. मग एका फाटक्या पोत्यातून फ्लेक्सचा कोपरा दिसला आणि मी तो ओढला. आईचा चेहरा निघाला. गाळाने माखलेला, पण हसरा. मी तिथेच चिखलात बसले.

वर गेल्यावर हौसाबाईंनी विचारलं, "काढलं का फोटू?" मी होकाराची मान हलवली. त्यांना गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. वाटेत त्या कण्हत होत्या आणि मधूनच म्हणत होत्या, "काका असते तर असं झालं नसतं."

त्याच संध्याकाळी मी काकांकडे गेले. ते खुर्चीत पाय लांब करून बसले होते. काकू स्वयंपाकघरात होत्या. या काकू कधी बोटीवर आल्या नव्हत्या. बोट लागते म्हणून येत नाहीत, असं काका सगळ्यांना सांगायचे.

"काका, हौसाबाईंच्या पायात काच गेली. जांभळाच्या खाली, गाळात."

मला वाटत होतं, आता ते म्हणतील, कुणाची काच? कोण नालायक टाकतं तिथे? मला ते हवं होतं. त्यांनी खोटं बोलावं, असं मला मनापासून वाटत होतं.

"पाणी इतकं खाली गेलं?" ते म्हणाले.

"काका, तुम्ही?"

"मग काय करायचं होतं? गावात कचरा उचलणारं कुणी नाही. गाडीत घातला तर आठवडाभर वास बसतो. शिवाय दगड घालून टाकत होतो मी, वर काही येऊ दिलं नाही कधी." आणि मग अगदी नेहमीच्या आवाजात, मला काहीतरी शिकवावं तसं म्हणाले, "हे बघ, तरंगतं तो कचरा. बुडालं की ते पाण्याचं. जन्मभर जहाजांवर हेच पाहिलं. समुद्राने कधी तक्रार केली नाही."

"हा समुद्र नाही. हे आपण पितो."

"गाळून येतं."

काकू चहा घेऊन आल्या होत्या. कप ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "मी सांगत होते, एक दिवस धरण आटेल."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर खाली घातली. म्हणजे घरात हे माहीत होतं. बोटीवर न येणं ही त्यांनी काकांना दिलेली शिक्षा होती. आणि त्या घराच्या खालच्याच मजल्यावर राहून मी ऑफिसात, सोसायटीच्या मीटिंगांत टिपणीसकाकांचे दाखले देत हिंडत होते.

"आईचा फ्लेक्सही तिथेच आहे, काका."

त्यावर मात्र त्यांचा चेहरा हलला. त्यांनी कपाकडे हात नेला आणि मागे घेतला. मी वाट पाहिली. एक शब्द आला असता तर मी कदाचित तिथेच रडून सगळं संपवलं असतं.

"तू हे कुणाला सांगितलंस का?" त्यांनी विचारलं.

मी चहा न घेता उठले.

"चला माझ्याबरोबर. आपण काढू सगळं," दारातून मी शेवटचं म्हटलं. "तुम्ही नुसते काठावर खुर्ची टाकून बसा."

"जूनमध्ये पाणी चढेल," ते म्हणाले.

पाणी चढण्याआधी मी आणि हौसाबाईंचे दोन भाचे मिळून जमेल तेवढं काढलं. माझ्या गाडीतून फेऱ्या मारमारून पोती पुण्यात आणली. वास बसला, आणि खरंच पुष्कळ दिवस गेला नाही. आईचा फ्लेक्स धुतला, पण घरात कुठे ठेवावा ते सुचेना, म्हणून गुंडाळून कपाटावर टाकला. हौसाबाईंची जखम चिघळली. त्या हंगामात त्या काकडीला उतरूच शकल्या नाहीत. पट्टी बदलायला नेताना एकदा मी त्यांना खरं सांगून टाकलं. त्यांनी पायावरची पट्टी पदराने झाकली. मग म्हणाल्या, "मंजी मी उगंच हंडे वर न्हेत हुते." त्यानंतर त्यांनी काकांचं नाव काढलं नाही.

काकांनी बोट विकली. आम्ही लिफ्टमध्ये भेटायचो, तेव्हा ते मजल्यांचे आकडे बघत आणि मी मोबाइल. दिवाळीत ते दोघं बेंगळूरला मुलीकडे कायमचे जायला निघाले. सामान खाली गेल्यावर काका माझ्या दाराशी आले. आत आले नाहीत. "येतेस का कधी तिकडे, बघ," एवढंच म्हणाले. मी वाकून नमस्कार केला. सवयीने केला की मनापासून, ते मला आजही सांगता येत नाही. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. तो हात झटकून टाकावा असंही वाटलं, तसाच राहावा असंही वाटलं.

या जानेवारीत ते गेले. सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेल्यांची रांग लागली. टिपणीससाहेबांसारखा स्वच्छ माणूस होणे नाही, असं कुणीतरी लिहिलं. मी काही लिहिलं नाही. लिहून काय लिहिणार होते? ज्या माणसाने मला माझ्या सर्वांत वाईट दिवसांतून ओढून बाहेर काढलं, त्यानेच माझ्या आईचा हसरा चेहरा दगड बांधून बुडवला होता. या दोन्ही गोष्टी एकाच हाताने केल्या होत्या.

काही दिवसांनी काकूंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "शेवटच्या दिवसांत ते दोनदा विचारत होते. मेधा अजून रागावली आहे का, म्हणून."

"हो, काकू," मी म्हणाले. "आहे."



"मीसुद्धा," काकू म्हणाल्या. आणि मग आम्ही दोघी त्यांच्यासाठी रडलो.