एका जागेवर दोन फाइली

नगरजवळच्या आमच्या कॉलेजात युनिक्सचं एकच मशिन होतं. त्याला जोडलेल्या टर्मिनलांवर सगळा वर्ग बसायचा. साठवलेलं लगेच डिस्कवर लिहायला लावलं की सगळ्यांचेच पडदे अडकून राहायचे. मुलांनी फार गळ घातली, तेव्हा लॅबच्या सरांनी सेटिंग बदललं. आता लिहिलेलं आधी मेमरीत राहायचं आणि सवडीनं डिस्कवर जायचं. मशिन पळायला लागलं. मधेच लाइट गेली तर मेमरीतलं जाईल, हे सरांनी सांगितलं होतं. पण यूपीएस होता. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. काही विचारावं की नको, यातच माझा तास संपायचा.

प्रॅक्टिकल परीक्षेच्या आदल्या दुपारी मी प्रोजेक्ट साठवला, माझ्यामागोमाग शेजारच्या मित्रानं त्याचा साठवला, आणि लाइट गेली. यूपीएस एकदा ओरडला आणि बंद पडला.

लाइट आल्यावर मशिन आपली डिस्क तपासायला लागलं. सर मुख्य टर्मिनलवर बसले, आम्ही मागे उभे. एका ठिकाणी ते अडलं. माझी फाइल आणि शेजारी बसणाऱ्या मित्राची फाइल डिस्कवरच्या एकाच जागेवर हक्क सांगत होत्या.

"तलाठ्यालाच बोलवा आता," मागून कुणीतरी म्हणालं. हसलं कुणीच नाही.

सरांनी दोन्ही फाइली साठवल्याच्या वेळा पाहिल्या. मित्राची फाइल ताजी होती, माझी सकाळची दिसत होती.

"सर, मी आत्ताच साठवली होती," मी म्हणालो.

"ती मेमरीतच राहिली. साठवताना तुझी जुनी जागा मोकळी झाली, ती याला मिळाली आणि याचं डिस्कवर पोचलंही. डिस्कला तुझं अजून जुनंच माहीत आहे."

मी टेपवर काढून ठेवलेल्या प्रतीचं विचारलं. ती प्रोजेक्ट सुरू व्हायच्या आधीची होती.

मित्र चाचरत म्हणाला, "सर, माझी काढली तर याची वाचंल का?"

"नाही. त्या जागेत आता तुझंच लिहिलेलं आहे." मग सर माझ्याकडे वळले. "दोन्ही ठेवल्या तर पुढं आणखी फाइली बिघडतील. ही तपासणी डिस्क वाचवायला असते रे, तुझी फाइल वाचवायला नाही. तुझी काढू?"

मला विचारायची त्यांना काही गरज नव्हती. तरी मी हो म्हणेपर्यंत ते बटणावर बोट ठेवून थांबले. मी मान हलवली. पडद्यावर लगेच पुढचा प्रश्न आला, दुसऱ्या एका मुलाच्या फाइलीचा. त्याला पुढे येता यावं म्हणून मी बाजूला सरकलो.