टोपातला मॅग्नेटो

इंजिनाच्या पत्र्याला तो उलटा हात लावायचा, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. मग आमच्याकडे न बघताच म्हणायचा, "दम खा रं. अजून रागात हाय."

चाळीसच्या दशकाचा शेवट. कर्जतकडच्या चौक गावाजवळ भाताची खाचरं सपाट करून एका खाजगी कंपनीनं छोट्या विमानापुरती धावपट्टी केली होती. वरून फोटो काढायचे आणि त्यावरून नकाशे करायचे, असं काम. मी नकाशे काढणारा, तो विमानाचा मिस्त्री. युद्धात विमानदळात राबून आलेला, घर धावपट्टीला लागूनच. असा बोलका मिस्त्री तुमच्याही पाहण्यात असेल. "मी हाय तंवर काळजी नाय," हे रोजचंच.

ते विमान मात्र त्याची फजिती करायचं. सकाळी नाकावरच्या पंख्याला हातानं एक झटका दिला की इंजिन सुरू. दुपारी उतरून पेट्रोल भरलं आणि पुन्हा निघायचं म्हटलं की ढिम्म. मिस्त्री पंखा फिरवून घामाघूम.

"नळीतलं पेट्रोल उकळतंय," त्यानं ठासून सांगितलं. नळीवर ओलं गोणपाट आलं. आम्ही चहाला जायचो, परत येऊन झटका दिला की इंजिन सुरू व्हायचं. "बगा, गोणपाट!" एकदा पायलटनं गोणपाट न लावता नुसताच चहा पाजला. इंजिन तरीही सुरू झालं. मिस्त्रीनं गोणपाट घडी करून ठेवून दिलं.

पायलट माणूस चांगला, पण त्याचाही नाइलाज होता. "मिस्त्री, या आठवड्यात जमलं नाही तर मुंबईहून दुसरा माणूस येणार. कंपनीनं तसं कळवलंय."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री बराच वेळ बांधावर बसून राहिला. मग मला म्हणाला, "पेट्रोल नाय. तापलं की ठिणगीच मरत असंल."

ठिणगी देणारे मॅग्नेटो दोन होते, पण इंजिन सुरू करायचं काम त्यातल्या एकाचंच. तो त्यानं काढला, दांडा फिरवत तारेला बोट लावलं आणि झटका बसून टुणकन उडाला. "गार हाय तंवर जिता हाय," म्हणत घरी घेऊन निघाला. मागोमाग मी.

चुलीवर टोप, टोपात वाळू, वाळूत मॅग्नेटो. बायको दारात उभी. "टोप माजा, आन शिजतंय काय, तर लोखंड. जेवायला ह्येच वाडू काय?"

"जरा दम खा गं."

तापलेला मॅग्नेटो त्यानं फडक्यात धरला. मी दांडा फिरवला, त्यानं तारेला बोट लावलं. काही नाही. पुन्हा फिरवला. काही नाही. बोटाकडे बघत तो हसायलाच लागला. "मेला रं, मेला." बायकोला वाटलं, ह्याला ऊन लागलं.

मॅग्नेटोच्या आतली तारेची कॉइल बदलली आणि भर दुपारी, चहाशिवाय, पहिल्या झटक्यात इंजिन सुरू झालं. मुंबईच्या माणसाचं नाव पुन्हा निघालं नाही. टोपाची कल्हई मात्र गेली.

"चला मिस्त्री, एक चक्कर मारून आणतो," पायलट खुशीत म्हणाला. तेव्हा कळलं, हा गडी जन्मात विमानात बसलेला नाही.

"मी खालीच बरा. तिला न्या. कल्हई तिची गेलीय."

ती नाही म्हणेल असं आम्हाला वाटलं. तिनं पदर खोचला आणि चढली.

मिस्त्री गेल्याचं पुष्कळ वर्षांनी कर्जतच्या एका ओळखीच्या माणसाकडून कळलं, तेव्हा मला हीच दुपार आठवली. विमान माथेरानकडे गेलं, डोंगराआड झालं आणि आवाज बंद झाला. त्यानं माझं मनगट घट्ट धरलं. "येतोय का रं आवाज?" विमान पुन्हा दिसलं तरी हात सुटला नाही. चाकं जमिनीला लागली तेव्हा कुठं त्यानं सोडला.

ती उतरली. केस विस्कटलेले, चेहरा लालबुंद.

"काय दिसलं?" त्यानं विचारलं.

"तुमी दिसलात," ती म्हणाली. "येवढंसं. वर तोंड करून हुबं."