आईच्या खोलीची भिंत

शनिवारी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी श्रीरंग शिडीवर चढून मागच्या खोलीतला भिंतीचा कागद खरवडत होता. यंत्राने काम निम्म्या वेळात झालं असतं. पण सातच्या आत आवाज केला की शेजारच्या बाई दार वाजवतात, म्हणून पाण्याची बादली आणि हातात खरवडायची पत्री.

जर्मनीत आखनजवळच्या आल्सडोर्फमधलं हे घर शंभर वर्षांपूर्वी खाणकामगारांसाठी बांधलेलं. भिंत भरीव विटांची, आत पोकळी नाही. थंडी अडवायला बाहेरून थर्माकोल लावून मोकळं होता आलं असतं, पण अख्खी वसाहत संरक्षित आहे आणि दर्शनी विटा झाकायला परवानगी नाही. तेव्हा जे करायचं ते आतून. श्रीरंगने कॅल्शियम सिलिकेटच्या, ओल शोषून ऊब धरणाऱ्या पांढऱ्या पाट्या मागवल्या होत्या. त्या भिंतीला आतून चिकटवायच्या आणि वर चुन्याचा गिलावा द्यायचा.

आई मिरजेहून नोव्हेंबरात येणार होती. गेल्या हिवाळ्यात ती या खोलीत चार रात्री झोपली आणि पाचव्या दिवशी म्हणाली, "भिंत नुसती अंगावर येते रे. मी आपली देवदत्तकडे जाते." धाकटा देवदत्त जवळच व्युर्सेलेनला नव्या घरात राहतो, तिथे जमिनीखालून गरम पाणी फिरतं. व्हिसा संपेपर्यंत आई तिथेच राहिली. थोरल्याला भेटायला रविवारी यायची, जेवायची आणि अंधार पडायच्या आत निघायची.

उन्हाळ्यात श्रीरंग देवदत्तकडे गेला, तेव्हा सोफ्यामागच्या भिंतीवर त्याला तेलाचा डाग दिसला. आई डोक्याला तेल चोपडून तिथे टेकून बसायची, त्याचा. देवदत्तची बायको ऊर्मिला ओशाळली. "रंग द्यायचाय हो भावजी, वेळच होत नाही." "हो, वाईट दिसतं खरं," श्रीरंग म्हणाला, आणि घरी आल्यावर आपल्या भिंती बघत फिरला. त्याच्या घरात असा डाग एकही नव्हता.

दुपारी देवदत्त हजर झाला. हातात पुऱ्यांचा डबा, अंगात जुना शर्ट.

"दादा, सांगायचं नाही का? मदतीला आलो असतो."

"आलासच की."

पहिल्या चार पाट्या श्रीरंगने सकाळीच चिकटवल्या होत्या, घाईघाईने, कोपऱ्यांवर मसाल्याचे गोळे ठेवून. आई यायच्या आत गिलावा वाळायला हवा होता. देवदत्तने त्यातल्या एका पाटीवर बोटाची पेरं आपटली.

"पोकळ वाजतंय, दादा. मागे हवा राहिली तर तिथे पाणी धरेल. जानेवारीत बुरशी."

"माहीत आहे मला. मी पण इंजिनियर आहे."

"गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणून तर आश्चर्य वाटलं."

मग देवदत्तने दातेरी थापी घेतली, एका पाटीला मसाला कडेपर्यंत सारखा पसरला आणि ती भिंतीला दाबली. पाटी बसली ती सूत लावल्यासारखी. लहानपणी पतंगही याचाच आधी वर जायचा. श्रीरंगने चहा विचारला नाही. त्याच्या बायकोने, विभावरीने, तो आपणहून आणला.

देवदत्त गेल्यावर श्रीरंगने आपल्या चारही पाट्या उचकटल्या. दोन तुटल्या. धाकट्याने लावलेली पाचवी उचकटायलाही त्याचा हात गेला होता.

"अहो, ती चांगली बसलीय ना?" विभावरी दारातून म्हणाली. "तुम्हाला आईंची खोली करायचीय की भावजींना हरवायचंय?"

त्याने हात मागे घेतला. पाचवी पाटी तशीच राहिली.

गिलावा झाल्यावर विभावरीने पुसता येणारा रंग सुचवला. तिच्या माहेरी तेलाच्या डागांसाठी भिंतीला कमरेच्या वरपर्यंत ऑइलपेंट असे. अशा रंगाने पाटी ओल शोषायची थांबेल, असं श्रीरंगने तिला समजावलं. ते खरंही होतं. दुसरं कारण त्याने सांगितलं नाही.

आई आली. तिने भिंतीला तळवा लावला आणि म्हणाली, "आता माणसात आली हो ही." मग पलंगावर बसली आणि डोक्यामागे टॉवेल अडकवून टेकली.

"टॉवेल कशाला, आई? टेक की."

"असू दे. नवी भिंत आहे तुझी. खराब व्हायची."

"देवदत्तकडे नाही लावत टॉवेल."

"तिथे कुठे लक्षात राहतं," आई म्हणाली.

रविवारी सगळे श्रीरंगकडे जेवले. आई कुठे राहणार, हे कुणी विचारायच्या आत तिनेच सांगून टाकलं. ऊर्मिलाला नोकरी लागली होती. शाळेतून आल्यावर तिच्या मुलीला, छोट्या कादंबरीला, वाढायला कुणीतरी हवं. तेव्हा दिवसा तिकडे आणि झोपायला इथे. "इथे झोप छान लागते," ती श्रीरंगकडे बघत म्हणाली.

"म्हणजे दादाची नाइट शिफ्ट," देवदत्त हसला.

श्रीरंगने त्याच्या पानात आमटी वाढली, जरा जास्तच. आईच्या दिवसातल्या जाग्या तासांचा हिशेब त्याने मनात करून पाहिला. तो धाकट्याच्याच बाजूने झुकत होता.

उद्या सोमवार. सकाळी पावणेसातला देवदत्तची गाडी आईला न्यायला येईल, आणि संध्याकाळी सातला तिला परत आणून सोडेल.