पिठ्याला दिलेले दोन मनुके

पिठ्याला आईने मारलं नाही.

वर्षभर घरात, नातेवाइकांत, फॅमिली ग्रुपवर सगळ्यांना तिनेच मारलं असं वाटतंय. आईलासुद्धा.

म्हणून आज लिहितेय. टायपो झाले तर सांभाळून घ्या.

पिठ्या म्हणजे आमचा चिंचिला. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी: खारीसारखी शेपटी, उंदरासारखे कान आणि अंगावर एवढी दाट फर की बोट घातलं तर दिसेनासं होतं. थंड डोंगरातला जीव. मैत्रीण कॅनडाला गेली तेव्हा तिच्याकडची दोघांची जोडी माझ्याकडे सोडून गेली.

नावं आईने ठेवली, पिठ्या आणि डाळ्या. पिठ्या मोठा, तो बारीक मातीत लोळून आंघोळ करायचा. ते बघून ती म्हणाली, "हा बघ, पिठाच्या गिरणीतनं आल्यासारखा दिसतोय."

नायगावची चाळ पाडायला घेतल्यापासून आम्ही दोघी वडाळ्याला भाड्याने राहतो. एक खोली, किचन आणि एक एसी. एसी या दोघांसाठी, कारण उकाड्याने हे पटकन जातात.

फ्रिजवर मी यादी लावली होती. सुकं गवत, हवं तेवढं. वाळवलेलं जास्वंदाचं फूल, आठवड्यातून दोनदा, एकच. साखर नाही, दाणे नाहीत, सुका मेवा नाही. यांना उलटी होत नाही, पोटात गॅस धरला की संपलं.

खाली मोठ्या अक्षरात: आई, प्लीज.

फार शहाणी होते मी.

गेल्या बुद्धपौर्णिमेला आईने खीर केली. तिला मोजकी खीर करताच येत नाही, चाळीतल्या अख्ख्या मजल्याचा अंदाज हाताला बसलाय. शेजारी, वॉचमन, लिफ्ट दुरुस्त करायला आलेला माणूस, सगळ्यांना वाटी गेली. खिरीच्या दिवशी कुणाला वगळायचं नाही, हा तिचा नियम.

संध्याकाळी बघते तर ती पिंजऱ्यापाशी.

"आई! काय दिलंस त्याला?"

"अगं, दोनच मनुके. खीर नाही दिली. सगळ्यांना दिलं, हाच तेवढा माझ्याकडे बघत बसला होता."

मी खूप बोलले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिठ्या कोपऱ्यात अंग आखडून बसला होता. गवताला तोंड लावलेलं नाही. ट्रेमध्ये एक लेंडी नाही.

ज्यांच्या घरी असे प्राणी आहेत त्यांना कळेल, स्वच्छ ट्रे म्हणजे काय ते.

टॅक्सीने परळला डॉक्टरांकडे निघालो. आईने बर्फाची पिशवी रुमालात गुंडाळून पिंजऱ्याला धरली होती. प्रत्येक सिग्नलला वाकून बघायची. "पोट हलतंय ना? हलतंय ना गं?"

मला बघवत नव्हतं. मी "हो" म्हणत होते.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. पोट गॅसने भरलेलं.

"काय खाल्लं होतं?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "मी दिलं डॉक्टर. मनुके. दोन."

डॉक्टरांनी एक्स-रे परत बघितला. "दोन मनुक्यांनी सहसा एवढं होत नाही. मॅडम, अजून काही? आठवून सांगा."

ते माझ्याकडे बघत होते.

"नाही," मी म्हणाले.

माझ्या बॅगेत तेव्हा एक पाकीट होतं. दादरला पेट शॉपमधून घेतलेलं. वर चिंचिलाचा फोटो, हिरवं पान, 'हेल्दी ट्रीट'. आत दह्याच्या गोड गोळ्या, शेंगदाणे, सुकं केळं. मला ऑफिसातून यायला उशीर व्हायचा, दिवसभर त्यांना वेळ देत नाही म्हणून वाईट वाटायचं. मी आले की पिठ्या दोन पायांवर उभा राहायचा. एक गोळी. मग अजून एक. पौर्णिमेआधी आठवडाभर, रोज.

डाळ्या लाजरा. तो पुढे यायचाच नाही, म्हणून वाचला.

पाकिटाची मागची बाजू मी वाचलीच नाही. फोटो चिंचिलाचा होता, बास.

डॉक्टरांच्या टेबलापाशी मी बॅग घट्ट धरून उभी होते. आदल्या संध्याकाळी आईला जे जे बोलले होते ते सगळं माझ्यावर उलटणार होतं. मी घाबरले. दुसरं काही कारण नाही.

पिठ्या पुढच्या दिवशी दुपारी गेला. पौर्णिमेनंतरचा दुसरा दिवस, तिथीने आजचाच.

खरं सांगितलं असतं तर वाचला असता का, माहीत नाही. डॉक्टरांना विचारायची अजून हिंमत झालेली नाही.

तेव्हापासून आईने डाळ्याला स्वतःच्या हाताने काही दिलं नाही. गवत घालायचं तर चिमट्याने, लांबून. "माझा हात नको," म्हणायची. मी ऐकून घ्यायचे.

परवा, यंदाच्या बुद्धपौर्णिमेला, तिने खीर केली. बिनमनुक्याची.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "ताई, यंदा मनुके विसरलात वाटतं?"

"हो, विसरले," आई म्हणाली.

ते मला झेपलं नाही.

आज सकाळी तिला सगळं सांगितलं. पाकीट वर्षभर माझ्या कपाटात कपड्यांखाली होतं, ते पुढे ठेवलं. तिने चष्मा लावला. मागची बारीक अक्षरं बोट फिरवत वाचली. आत काय काय आहे त्या यादीत साखर दुसऱ्या नंबरला होती.

वाटलं ओरडेल, रडेल, एक ठेवून देईल.

"डॉक्टरांनी तुला विचारलं होतं," ती म्हणाली.

एवढंच.

मग उठली. डब्यातून जास्वंदाचं एक वाळलेलं फूल घेतलं आणि पिंजऱ्यापाशी जाऊन बसली. चिमटा घेतला नाही. डाळ्या किती तरी वेळ आला नाही. मग आला, वास घेतला आणि तिच्या हातातून फूल घेतलं.

मी जवळ जायला लागले.

"तू तिथेच थांब."

अजून ती तिथेच बसलीये. मी किचनमधून हे लिहितेय. ती उठल्यावर काय बोलेल याची भीती वाटतेय, आणि काहीच बोलली नाही तर, याची त्याहून जास्त.

पिठ्या, आईचे ते दोन मनुके तू दोन्ही हातांत धरून खात होतास. ते मी बघितलं होतं.

तुला शेवटचा निरोप, राजा. माफी मागायला मी एक वर्ष उशीर केला.