सगळ्यांना अकरा

पाचोडच्या पुढं आमच्या गावच्या दवाखान्यात गरोदर बायांचं रक्त तपासणारे एक भाऊ होते. मोठा दयाळू माणूस. आमच्या बोटाला त्यांनी कधी सुई लावली नाही. तोंडाकडं बघायचे आणि कार्डावर सुबक अक्षरात हिमोग्लोबिन अकरा लिहायचे. कमी लिहिलं तर औरंगाबादला पाठवायची चिठ्ठी करावी लागे, म्हणून आमच्या गावात कुणाचं रक्त कमीच नसे.

“भाऊ, चक्कर येती लई,” मी एकदा म्हणाले.

“मग उन्हात कशाला फिरता?” म्हणाले, आणि अकरा लिहिलं.

मला सातवा लागला तेव्हा त्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आली आणि आमच्याच रांगेत उभी राहिली. भाऊंनी तिची पापणी खाली ओढून बघितली. मग कपाटातून मशीन काढलं, फुंकून धूळ उडवली, नवी सुई घेऊन तिच्या बोटाला टोचली. आकडा बघितला. दुसऱ्या बोटाला टोचली. पुन्हा आकडा बघितला.

“सगळ्याजणी परत लाइनीत या,” शेवटी म्हणाले.

माझं सात निघालं. गोळ्या मिळाल्या, चिठ्ठीही मिळाली. कार्डावर मात्र अकराच राहिलं. भाऊंना खाडाखोड आवडत नसे.