चौथा कागद

ऑफिसात त्यांना सगळे मास्तर म्हणत, पण शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं. एकच गोष्ट तीनदा समजावून सांगायची खोड, म्हणून मास्तर. मी अकरा वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर काढली आणि सगळं तीनदा ऐकलं, तेव्हा मला त्यांचं कौतुक बेताचंच आहे.

बससेवा, वाचनालयं, पोहण्याचे तलाव, असल्यांच्या वेबसाइट बांधून देणं हे आमचं काम. तिथलं प्रत्येक पान कुणी हातानं लिहीत बसत नाही. एक साचा करतात, त्यात मोकळ्या जागा ठेवतात, मग वेळा, नावं, सूचना आपापल्या जागी येऊन बसतात. साचा लिहायला एक छोटी भाषा लागते. अशा भाषा ढिगानं आहेत. अठरा वर्षांपूर्वी मास्तरांना त्यातली एकही पसंत पडली नाही, म्हणून त्यांनी स्वतःचीच केली. आमची चौदाशे पानं त्या भाषेत आणि ती येणारा माणूस एकच. नवीन कुणी आलं की दोन महिने डोकं धरून बसायचं आणि मग दुसरी नोकरी बघायचं. "तुमच्याशिवाय कुणी बोलतं का ती?" असं बायको विचारते, हे मास्तर स्वतःच सांगून हसायचे.

शेवटी साहेबांनी विषय काढला. "भाषा तुम्हीच निवडा. जुनीच ठेवायची असेल तर तसं कारण लिहून द्या, मी ऐकेन. पण बदलली, तर सगळी पानं हलवून झाल्यावर तुमच्यासाठी काम उरणार नाही. आत्ताच सांगितलेलं बरं."

चोपन्नाव्या वर्षी माणसाला हे ऐकवायचं आणि वर निवडही त्यालाच करायला लावायची. मला साहेबांचा भयंकर राग आला. मी मास्तरांना म्हटलं, "खरडा दोन ओळी, जुनीच बरी म्हणून. कोण तपासतंय?"

मास्तरांनी मात्र बससेवेचं वेळापत्रकाचं पान घेतलं. ते त्यांच्या भाषेत होतंच, बाजारातल्या तीन भाषांत त्यांनी ते नव्यानं लिहिलं. चार कागद छापले, वर भाषेचं नाव नाही, फक्त आकडे, आणि कोपऱ्यातल्या काकूंकडे नेले. काकू पूर्वी छापखान्यात मुद्रितं तपासायच्या, आता आमच्याकडे मजकूर तपासतात. साचा कसा दिसतो हे त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं.

"वाचा आणि पान कसं दिसेल ते सांगा. अडलं तिथे खूण करा," मास्तर म्हणाले.

पहिला कागद बघून काकूंनी नाक मुरडलं. दुसरा सरळ वाचून दाखवला, एकदाच अडल्या. तिसऱ्यात कंसच कंस होते, तो त्यांनी बाजूला सारला. चौथ्यावर मात्र बराच वेळ लाल पेन धरून बसल्या.

"इथे 'रविवार असेल तर' असं सुरू केलंय आणि ते संपवलंच नाहीये. मग पुढे काय होतं?"

"काही नाही. तेवढी जागा कोरी राहते."

"आणि कुणी सांगत नाही?"

"नाही."

"ज्याला रविवारची शेवटची बस हवी, त्यानं काय करायचं?"

मास्तरांनी चारही कागद उचलले. आपल्या भाषेनं कुणाच्या अंगावर ओरडायचं नाही, चूक पोटात घालायची, हा त्यांचा मोठा अभिमान. तोही मी तीनदा ऐकलेला. टेबलावर येऊन त्यांनी खरं पान उघडलं. रविवारच्या शेवटच्या बसचा रकाना कोरा. दोन वर्षांपूर्वी वेळा बदलताना ती ओळ त्यांनीच अर्धी सोडली होती. रविवारी ती बस नसेलच, असं लोकांनी धरून चाललं असणार.

त्याच दुपारी त्यांनी साहेबांना लिहून दिलं, "दुसरी घ्यावी. चौथी नको, ती चूक सांगत नाही." स्वतःच्याच पायावर धोंडा. मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही.

चौदाशे पानं हलवायला सात महिने लागले. शेवटच्या दिवशी ते ड्रॉवर रिकामा करत असताना काकू आल्या.

"चौथा कागद तुमचा होता ना?"

मास्तरांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"यांनी नाही सांगितलं. तुम्ही मधेमधे स्वतःसाठी सूचना लिहून ठेवल्या होत्या, त्या खोडायला विसरलात. एकच सूचना तीनदा. पहिल्या पाच ओळींतच कळलं मला."

"मग खूण कशाला केलीत?" मीच मधे बोललो, आणि तावातावानं बोललो. "त्यांची खुर्ची जाणार हे माहीत नव्हतं तुम्हाला?"

"माहीत होतं." काकू म्हणाल्या. "त्या दिवशी घरी जाऊन जेवण गेलं नाही मला. पण चूक होती हो. दिसल्यावर काय करू?"

मास्तरांनी ड्रॉवर ढकलून बंद केला.

"म्हणून तर तुमच्याकडे आणला होता," ते म्हणाले. हे मात्र त्यांनी एकदाच सांगितलं.