एक थेंब दिसला तरी

सुलभा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुलुंडच्या बाजारात मेथी घेत होते. भाजीवाली म्हणाली, "काय झालं ताई?" मी म्हटलं, "काही नाही, अजून एक जुडी दे." घरी येऊन पाहिलं तर पिशवीत चार जुड्या... दीड महिना झाला, अजून एका जागी धड बसवत नाही.

सुलभा आमच्या सोसायटीत तळमजल्यावर ब्लाउज शिवायची. मूळची मालवणची, तोंडाने फटकळ. माप घेता घेता विचारायची, "मधेच घाम फुटतो ना गं? झोप उडालीय? पाळी जायची वेळ आली तुझी. नवऱ्यावर खेकसू नको, त्याला सांग." सख्ख्या बहिणीशी जे बोलता येत नाही, ते बायका तिच्यापाशी बोलायच्या.

तिची स्वतःची पाळी जाऊन चार वर्षं झाली होती. गेल्या वर्षी एका दुपारी मला म्हणाली, "परत थोडं लागलंय गं. तरुण होतेय बहुतेक!" मी हसले. दोघी हसलो, चहा प्यायलो... पुढे लग्नसराई, कामाचा ढीग. तिने अंगावर काढलं, मीही पुन्हा विचारलं नाही. सात महिन्यांनी तपासलं तर गर्भाशयाचा कॅन्सर, तोही पसरलेला. मी चिडून म्हटलं, "मला सांगायचंस ना!"

"सांगितलं होतं की," ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

केमो घेऊन आली की डोक्याला रुमाल बांधून ती दुकानात बसायची. येईल तिला सांगायची, "पाळी गेल्यावर एक थेंब दिसला तरी डॉक्टर. लाजायचं नाय." ते ऐकून तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी वेळेवर डॉक्टरकडे गेल्या. ऑपरेशन झालं, आता खडखडीत आहेत.

गेल्या रविवारी सुलभाच्या मुलीने, प्राजक्ताने, दुकान आवरायला बोलावलं. मापांच्या वहीत छाती-कमरेच्या आकड्यांखाली सुलभाने पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. कुणापुढे 'विचारलं', कुणापुढे 'दाखवून आली'. दोन वर्षं बंद असलेली माझी पाळी परत दिसायला लागली, हे फक्त तिलाच ठाऊक होतं. तपासणी मी आज-उद्या करत होते. माझ्या पानावर लिहिलं होतं, 'ही टाळते. हिला स्वतः घेऊन जायचं.'

ते वाचून सोमवारी प्राजक्ताच मला घेऊन गेली. रिपोर्ट गुरुवारी येईल.